गाळपेरीवरची पाखरं

दुधाच्या पातेल्यावरची झाकणी खडखडली आणि मी दचकले.

एरवी ती झाकणी मला कधी ऐकू येत नाही. आमच्या घरामागं अंड्याच्या कोंबड्यांची शेड आहे, आणि उजाडायच्या आधीपासून तिकडं असा गलका चालू होतो की चुलीपाशी उभ्या माणसाला हाक मारायची तर दारातून ओरडावं लागतं. त्या सकाळी गलका नव्हता. मी गॅस बारीक केला आणि कान दिला. धरणाच्या पाण्यावरून बदकांचं बोलणं येत होतं, तेही स्पष्ट. मागून मात्र काही नाही.

मी तशीच अनवाणी शेडकडे गेले. गोणपाटाचा पडदा बाजूला सारला. आत सहा-सातशे कोंबड्या पिसं फुगवून बसलेल्या, माना आत ओढलेल्या. खायला मिळेल म्हणून एकही पुढं आली नाही. मग तो आवाज ऐकू आला. काडेपेटीवर नखानं टिचकी मारावी तसा. एक इथून, एक तिथून, मग कोपऱ्यातून तीन-चार सलग. त्या शिंकत होत्या.

“हिला शेंबूड आलाय, मम्मी.”

यशू माझ्या आधी आत जाऊन बसली होती. पाच वर्षांची माझी पोर, भुशावर फतकल मारून, मांडीवर तिची लाडकी लंगडी कोंबडी. फ्रॉकच्या टोकानं ती तिचं नाक पुसत होती. कोंबडी चोच उघडून श्वास घेत होती आणि यशू तिच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणत होती, “शिंकर, शिंकर गं.”

मी कोंबडी तिच्या हातून ओढली आणि यशूला काखोटीला मारून न्हाणीत नेलं. हात, तोंड, मान, सगळं साबणानं घासलं. फ्रॉक काढून बादलीत बुडवला. ती रडायला लागली, कारण साबण डोळ्यांत गेला होता. मी रडत नव्हते. माझ्या डोळ्यांपुढं आदल्या संध्याकाळचा टीव्ही होता. नवापूरला पांढरे पोशाख घातलेली माणसं कोंबड्या पोत्यात भरत होती आणि जेसीबीनं खड्डे खणले जात होते. हा बर्ड फ्लू माणसांनाही होतो, असं तो बातम्यावाला म्हणाला होता. तेवढ्यात सासूबाईंनी मालिका लावली होती.

माझे यजमान राजरत्न शेडमध्ये जाऊन आले. पायरीवर बसून त्यांनी चहाचा कप हातात घेतला, पण तोंडाला लावेनात.

“थंडी हाय,” ते म्हणाले. “घाटाचं वारं सुटलंय. आठ दिस झालं.”

“म्हणून तर पडदे लावले ना?”

“लावलं. पन वारं काय पडद्याला इचारून येतं का?”

आमच्या मढ गावात पडदे म्हणजे गोणपाट. धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक हरभरा, कांदा, काकडी करतात. ती गाळपेर. गाळाला कोंबडीखत लागतं, ते आम्ही शेडमधून पोत्यात भरून नेतो. पोती तिथंच ढीग करून रिकामी करायची, चार रात्री काकडीच्या रोपांवर पांघरूण म्हणून टाकायची, मग पाण्याकाठी धुऊन, शिवून शेडच्या जाळ्यांना लावायची. वाया काही घालवायचं नाही. आमच्याकडं शेड असलेलं प्रत्येक घर असंच करतं आणि त्यात कुणाला कधी वावगं वाटलं नाही.

सासूबाईंनी हळद आणि गूळ कालवून पाणी केलं. आम्ही ते शेडमधल्या पाण्याच्या भांड्यांत घातलं. जमलेली अंडी मी पाटीत घेतली, तर त्यांतलं एक हातात आलं ते सुरकुतलेलं. म्हाताऱ्या बाईच्या कोपरासारखं. दुसऱ्याला कवचच नव्हतं, नुसती पिशवी. मी ती पिशवी तळहातावर धरून सासूबाईंना दाखवली. त्यांनी ती घेतली, बघितली, आणि राखेत टाकून दिली.

“कुनाला सांगू नगस,” एवढंच म्हणाल्या.

पण गावात सांगावं लागत नाही. दुपारी सावळारामबापू आले. त्यांचीही शेड आहे, आमच्याहून मोठी, ओढ्यापलीकडं. ते अंगणात बसले नाहीत, उभ्यानंच बोलले.

“राजा, तुझ्याकडं शिंकायला लागल्यात म्हनं.”

“गारठ्यानं, बापू.”

“गारठ्यानंच. गारठाच हाय त्यो. कुनी इचारलं तर गारठाच म्हनायचं. त्या नवापुरला एकानं तोंड उघाडलं आन् आख्ख्या गावच्या कोंबड्या खड्ड्यात गेल्या. घरच्या गावरान बी सोडल्या न्हाईत.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “सूनबाई साळंत शिकल्याली हाय वारूळवाडीची. तिला म्हनावं, इथं परीक्षा न्हाई. पेपर कोरा ठिवला तरी चालंल.”

ते गेल्यावर राजरत्न पायरीवर टेकले. मग म्हणाले, “गावात काय बी झालं की आधी बोट आपल्या वस्तीकडं. बौद्धवाड्यातनं आला रोग, असंच म्हनत्याल. पिढ्यान् पिढ्या पुसायचं न्हाई ते.”

ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये तीस-चाळीस कोंबड्या पाय ताणून पडल्या होत्या. आणि यशूचं अंग तापलं होतं.

आधी मी मनाची समजूत घातली. काल गार पाण्यानं न्हाऊ घातलं, त्यानं असेल. कपाळावर ओली पट्टी ठेवली. दुपारपर्यंत तिला खोकला लागला. कोरडा, छोटा, मधूनच. मी तो ऐकला आणि मला तो ओळखीचा वाटला. काडेपेटीवरच्या टिचकीसारखा. तसा तो नव्हता. लहान पोराचा साधा खोकला होता. पण त्या दिवशी मला सगळीकडं तोच ऐकू येत होता.

“ओतूरला न्या,” मी म्हणाले. “आत्ता.”

मोटारसायकलवर ते पुढं, मी मागं, यशू मधे. तिच्या अंगाची धग माझ्या ब्लाऊजमधून आत येत होती. डिंगोरे गाव ओलांडल्यावर ती म्हणाली, “मम्मी, लंगडीला पण न्यायचं होतं डॉक्टरकडं.” राजरत्नांनी ते ऐकलं असावं. त्यांची पाठ ताठ झाली.

लहान मुलांच्या डॉक्टरांनी तिची छाती तपासली, घसा बघितला. मग पेन खाली ठेवून विचारलं, “घरी कोंबड्या आहेत?”

“न्हाई साहेब,” राजरत्न म्हणाले.

इतक्या झटकन म्हणाले की डॉक्टरांनी वर बघितलं.

“नाहीत?”

“म्हंजे गावात असत्यात की. गावात सगळ्यांच्याच असत्यात. आमच्या न्हाईत.”

डॉक्टर चिठ्ठीवर काहीतरी लिहायला लागले. यशू माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि तिचा श्वास माझ्या मनगटावर लागत होता, उष्ण. आता त्या चिठ्ठीवर लिहिलं जाईल ते औषध साध्या तापाचं असेल, आणि ते घेऊन आम्ही घरी जाऊ, आणि हिची छाती भरून आली तर उद्या कुणाला काय सांगायचं, हे मला कळेना. मी राजरत्नांकडं बघितलं. ते भिंतीवरच्या लसींच्या तक्त्याकडं बघत होते.

“आहेत,” मी म्हणाले. “शेड आहे आमची. कोंबड्या आजारी आहेत. आज सकाळी मेल्या. हिनं काल एका आजारी कोंबडीचं नाक पुसलं फ्रॉकनं. तोंडाशी तोंड होतं.”

डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली आणि नवी घेतली. मग फोन उचलला.

परतताना धरणाचं वळण आलं. तिथं राजरत्नांनी गाडी थांबवली, उतरून उगाच चाकाची हवा बघितली.

“मला इचारायचं तरी.”

“तुम्ही विचारलंत का मला, नाही म्हणताना?”

त्यांनी यशूला उचलून नीट मधे बसवलं, तिच्या डोक्यावरून माझा पदर ओढून दिला, आणि किक मारली.

आमच्या मागोमाग जनावरांचे डॉक्टर आले. ढोबळे नाव, आंबेगावकडचे, पन्नाशीचे. तोंडाला फडकं, हातात रबरी मोजे, बरोबर एक मदतनीस आणि बर्फाचा डबा. फडक्याआडून त्यांचे डोळे थकलेले दिसत होते.

“घाबरू नका वहिनी,” ते म्हणाले. “मला या आठवड्यात रोज बोलावणं आहे. काल एकानं मेलेला कावळा पिशवीत आणून टेबलावर ठेवला. म्हणे, साहेब, मरायच्या आधी हा शिंकत होता. मी म्हटलं, तू कानाला लावून ऐकलंस का?”

कुणी हसलं नाही. त्यांनाही ते अपेक्षित नसावं. त्यांनी शेडमध्ये फिरून कोंबड्यांच्या घशात काड्या फिरवल्या, नळ्यांत बंद केल्या, मेलेल्यांतल्या काही डब्यात घातल्या. सुरकुतलेली अंडी बराच वेळ हातात फिरवून बघितली आणि त्यांतलं एक वाटीत फोडलं. पांढरा बलक पाण्यासारखा पसरला. त्यांच्या भुवया जरा वर गेल्या. मी विचारलं, काय? ते म्हणाले, “मी बोलणार नाही. पुण्याची आणि भोपाळची प्रयोगशाळा बोलेल. तोवर इथून एक पीसही बाहेर जाता कामा नये. गावातूनही नाही.”

“आन् पोरीचं?” सासूबाईंनी दारातून विचारलं.

“पोरीचं ओतूरचे डॉक्टर बघतील, आजी. तिला एका खोलीत ठेवा. तिच्याजवळ एकानंच जायचं. ताप उतरला तरी श्वासावर लक्ष. नाकपुड्या फुलायला लागल्या, बरगड्या आत जायला लागल्या, तर थांबायचं नाही, थेट पुणं गाठायचं.”

मग ते दिवस. मी यशूच्या खोलीत, दार लोटलेलं. नाकावर साडीचा पदर बांधलेला. तिला वाटलं तो खेळ आहे, म्हणून तिनंही तिच्या बाहुलीच्या तोंडाला रुमाल बांधला. ती झोपली की मी तिचा फ्रॉक वर करून बरगड्या बघायची. एवढीशी छाती. वर, खाली. कधी वाटायचं, आत जातेय. कधी वाटायचं, माझीच नजर ओढतेय. दुपारच्या उन्हाचा एक पट्टा कौलांतून तिच्या पोटावर पडायचा आणि श्वासाबरोबर हलायचा, मी त्याच्याकडे बघत बसायची. शिंक आली की मी उभी राहायची. बाहेर राजरत्न मेलेल्या कोंबड्या चुना टाकून पुरत होते, त्या फावड्याचा आवाज यायचा. तो यायचा थांबला की मला बरं वाटायचं, मग पुन्हा सुरू व्हायचा.

पाणवठ्यावर गावातल्या बायका आपल्याला बघून बाजूला सरकल्या, असं सासूबाईंनी सांगितलं. मी तर घराबाहेर पडतच नव्हते.

सावळारामबापू पुन्हा आले. या वेळी अंगणातही नाही, कुंपणापलीकडं उभे.

“एका पोरीच्या तापासाठी आख्ख्या गावचा धंदा बसवला,” ते म्हणाले. “पोरं तापत्यात. उतारतो ताप. कोंबडी गेली की परत येत न्हाई.”

खिडकीतून मला दिसत होतं, राजरत्नांनी मान खाली घातली होती. त्यांच्या हातात फावडं होतं. उत्तर सासूबाईंनी दिलं. पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या, वर न बघता म्हणाल्या,

“सावळाराम, तुझ्या नातवाला ताप आला व्हता गेल्या साली, तवा तू बैल सोडून ओतूरला पळत गेल्ता. का कोंबडीला मांडीव घिऊन बसला व्हता?”

“जानकाबाई, मी आपलं गावाचं…”

“गावाचंच बोलत्ये मी बी. माजी नात गावातच ऱ्हाती.”

पहिल्या दिवशी कुणाला सांगू नगस म्हणणाऱ्या त्याच. मी खिडकीपाशी उभी राहून डोळे पुसले आणि लगेच हात साबणानं धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळुबाई दिसली. ती आमच्या मागल्या बाजूला राहते, एकटी. बारा-पंधरा गावरान कोंबड्या एवढंच तिचं. डोक्यावर मोठी पाटी, पाटीवर जुनं लुगडं बांधलेलं, आणि लुगडं हलत होतं. एसटीच्या रस्त्याकडं निघाली होती. मी खिडकीतून हाक मारली.

“साळुबाई, कुठं?”

ती थांबली, पण जवळ आली नाही. “लेकीकडं. आहुप्याला.”

“पाटीत काय?”

“पापड.”

लुगड्याखालून कोंबडा आरवला. तिनं वर हात करून पाटीवर चापट मारली. “गप, मुडद्या.” मग माझ्याकडं वळून भांडायच्या आवाजात म्हणाली, “तुजी पोर तुला, माजी पाखरं मला. मला खड्ड्यात न्हाई घालायची. देवराईच्या कडंला लेकीचं घर हाय, तितं कोन बगाया येतंय? तूच सांगशील आता, दुसरं कोन?”

मी सांगू शकले असते. डॉक्टरांचा नंबर माझ्याकडे होता. पण माझ्या तोंडून वेगळंच आलं.

“लेकीचं बाळ केवढं झालं गं?”

“रांगतंय.”

“कोंबड्यांच्या मागं रांगतं का?”

रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला, वळणावर. साळुबाई त्या दिशेनं बघत राहिली. मग तिनं पाटी उतरवली, रस्त्याच्या कडेला टेकवली, आणि तिच्याशेजारी खाली बसली. एसटी आली, थांबली, कंडक्टरनं विचारलं, “येतीस का म्हातारे?” तिनं हातानंच जा म्हणून सांगितलं. गाडी घाटाकडचं वळण घेऊन गेली तरी ती तिथंच बसून होती. नंतर कधीतरी उठून घरी गेली. आमच्या खिडकीवरून जाताना माझ्याकडं बघितलं नाही.

त्या दुपारी यशूला घाम फुटला. उशी ओली झाली. मी घाबरून तिच्या नाकापुढं बोट धरलं. श्वास येत होता, गार होता. ताप उतरला होता. ती डोळे उघडून म्हणाली, “मला अंडं पाहिजे.” मी हसले आणि मग मला थांबताच येईना. पण ताप उतरला म्हणून आनंद करायचा नव्हता. ताप उतरला तरी श्वासावर लक्ष, असं सांगितलेलं. तिला भात दिला. अंडं दिलं नाही.

आणखी काही दिवसांनी ढोबळे डॉक्टर आले ते मी लांबूनच बघितले. उन्हात धूळ उडवत त्यांची मोटारसायकल रस्त्यावरून वळली. बरोबर कुणी नव्हतं. डबा नव्हता. गाडी कुंपणापाशी आली आणि मला त्यांचं तोंड दिसलं, सगळं, मिशीसकट. तोंडाला फडकं नव्हतं.

मी खिडकीखाली जमिनीवर बसले आणि बाहेरचं बोलणं ऐकलं.

“तो नाही,” ते म्हणाले. “बर्ड फ्लू नाही. पोरीला बाहेर सोडा आता.”

सासूबाई म्हणाल्या, “मंग काय हाय?”

“आयबी म्हणतात त्याला. कोंबड्यांच्या श्वासनळीचा रोग. अंडी बघून मला तेव्हाच वाटलं होतं, पण अशा दिवसांत वाटण्यावर बोलू नये. कोरोना नावाच्या विषाणूंतला एक आहे.”

मी तोवर यशूला कडेवर घेऊन दारात आले होते. “कोरोना?” मी विचारलं. “तीन वर्षांमागं टीव्हीवर सार्स सार्स चालू होतं, तेव्हा हे नाव ऐकलं होतं मी.”

त्यांनी माझ्याकडं जरा नव्यानं बघितलं. “बरोबर. त्याच घराण्यातला. पण वहिनी, भावकीतले सगळेच एकमेकांच्या घरात शिरत नाहीत. हा कोंबडीच्या घरचा. आजवर माणसाला लागलेला आम्हाला माहीत नाही. हिचा ताप साधा होता. सर्दीचा.”

“मग एवढ्या मेल्या कशा?”

“या विषाणूचे काही वाण मूत्रपिंडात उतरतात. आणि तुमच्यात थंडी, गर्दी.” ते शेडकडं वळले. पडद्यांपाशी थांबले. गोणपाटाच्या शिवणीत अडकलेलं काहीतरी त्यांनी नखानं खरवडलं, पांढरट, वाळलेलं. वास घेतला. “ही पोती कुठून आणली?”

राजरत्नांनी सांगितलं. खत, गाळपेर, काकडीची रोपं, पाण्याकाठी धुणं. सांगता सांगता त्यांचा आवाज हळू होत गेला.

“तुमच्या त्या खताच्या ढिगावर काय बसतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“बदकं. थंडीची येत्यात ती. सकाळी निस्ती पसारल्याली असत्यात. न पचल्यालं दाणं टिपत्यात.”

“रोपांवरच्या पोत्यांवरही?”

“ऊब लागती त्यांना.”

डॉक्टरांनी मान हलवली. “बाहेरच्या देशांत रानबदकांत, मोरांत सापडलाय म्हणे असा विषाणू. ती खोकत नाहीत, मरत नाहीत. नुसतं वाहून नेतात. तुमच्यात त्यांच्याकडूनच आला, हे मी छातीठोक सांगणार नाही. सावळारामच्या शेडमधूनही आला असेल, माणसाच्या चपलेनंही येतो. पण हे पडदे काढा. जाळा. आणि त्या ढिगावर माती टाका.”

उरलेल्या कोंबड्या जगतील, पण त्यांची अंडी आता अशीच येतील, असं त्यांनी जाता जाता सांगितलं. राजरत्नांनी ऐकून घेतलं. मग ते शेडच्या जाळीपाशी गेले आणि पडद्याची शिवण फाडायला लागले. मी दुसऱ्या टोकाला धरलं. अर्धा पडदा उतरल्यावर ते म्हणाले,

“तितं मी न्हाई म्हनालो व्हतो ना. डॉक्टरापुढं.”

“हं.”

“यशूला सांगू नको कधी.”

“ती तिथंच होती.”

“झोपली व्हती.”

मी म्हटलं, “हो. झोपली होती.”

सावळारामबापूंकडं काय सांगायचं ते राजरत्नांनीच ठरवलं आणि ते ओढा ओलांडून गेले. बराच वेळ तिकडं होते. परत आले तेव्हा इतकंच म्हणाले, “त्यांच्याकडं बी सुरकुतल्याली निगालीत. गेल्या पंधरवड्यापासनं.”

संध्याकाळी आम्ही गाळपेरीवर गेलो. राजरत्नांच्या खांद्यावर फावडं, मी घमेलं घेतलेलं, आणि यशू आमच्यामधे, कितीतरी दिवसांनी बाहेर पडलेली. तिला कडेवर घ्यायला मी वाकले तर ती म्हणाली, मी चालते. पाणी आणखी मागं गेलं होतं. ओल्या गाळावर पाखरांच्या पावलांची नक्षी होती. आमच्या ढिगावर बदकं बसली होती, तांबडी, ठिपक्यांची, रुंद चोचीची. आम्ही जवळ जाईपर्यंत ती हलली नाहीत. मग एकदम उठली आणि थोडं पलीकडं, पाण्यात जाऊन बसली. त्यांतल्या एकीनं पंख झाडले, मान पाठीवर ठेवली.

“उडून का नाही गेली?” यशूनं विचारलं.

“त्यांना माहीत आहे आपण परत जाणार.”

“मग ती कुठं जातात?”

“उन्हाळा लागला की लांब. हिमालयाच्याही पलीकडं. तिथं त्यांची घरटी असतात.”

“पिल्लं?”

“पिल्लंही तिथंच होतात.”

राजरत्न ढिगावर माती ओढत होते. मी घमेली भरून देत होते. यशू चपला काढून गाळात उभी राहिली, पाण्याकडं तोंड करून. तिला अजून मधूनच खोकला येत होता. तो आला की तिच्या खांद्यांची पाखं वर व्हायची आणि माझा हात थांबायचा. ती बराच वेळ बदकांकडं बघत होती. मग वळली.

“मम्मी, यांना जर आपल्या लंगडीचा आजार लागला असेल, तर ही कुणाला सांगतात?”